यंत्र अडलं की कमला

कमला नेवरेकर हिच्याविषयी रत्नागिरीत दोन गोष्टी बोलल्या जात. एक, तिला नवऱ्याने टाकली. दोन, अडलेला कॉम्प्युटर ती चालू करून देते. पहिली गोष्ट गावभर ठाऊक होती. दुसरी तीन-चार घरांनाच, कारण सत्त्याऐंशी साली गावात घरी कॉम्प्युटर बाळगणारे असून असून तेवढेच असणार. टाकलेल्या बाईबद्दल बोलायला घरात यंत्र लागत नाही, त्यामुळे पहिली गोष्ट जास्त चालली.

ती राहायची काकांकडे, राजाभाऊ नेवरेकरांकडे. राजाभाऊ म्हणजे निवृत्त हेडमास्तर, दोन आंब्याच्या बागांचे मालक आणि नेवरेकर कुलवृत्तांताचे संपादक. कुलवृत्तांत म्हणजे कुळाचं पुस्तक. मूळपुरुषापासून आज पाळण्यात असलेल्या पोरापर्यंत कोण कुठे जन्मला, काय शिकला, कुणाची मुलगी केली, कुठे वारला, याची शाखावार नोंद. आमच्याकडे ज्याला दुसरं काही लिहिता येत नाही तो कुलवृत्तांत लिहितो, आणि ज्याला तेही जमत नाही तो दुसऱ्याच्या कुलवृत्तांतातल्या चुका काढतो. राजाभाऊंनी अकरा वर्षं पोस्टकार्डं पाठवून पाठवून बाराशे माणसं गोळा केली होती. त्यांतली त्यांच्या घरात दोघंच राहत, ते आणि कमला.

काकू गेल्यापासून घर कमलाच्या हातात आहे, असं लोक म्हणत. हातात होतं म्हणजे केरसुणी, विळी आणि रहाटाचा दोर हातात होता. किल्ल्या राजाभाऊंच्या जानव्याला. आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, हात उगारणं तर दूरच. पाहुणे आले की शांतपणे सांगायचे, "ही आमची कमळी. धाकट्या भावाची. परत आली." पोस्टाने परत आलेल्या पाकिटाबद्दल सांगावं तसं. मग पाहुणे तिच्याकडे बघत, आणि ती चहाचे कप ठेवून आत जाई. एकवीस वर्षांत हे वाक्य तिने किती वेळा ऐकलं असेल ते तीच जाणे.

परत आली ती पोफळीहून. नवरा कोयनेच्या वीजघरात नोकरीला होता, कॉलनीत क्वार्टर होतं, दारात जास्वंद होती. पासष्टच्या श्रावणात मुलगी झाली. नाव गोदा ठेवलं, कमलाच्या आजीचं. चौदा महिन्यांची असताना तिला घटसर्प झाला आणि तीन दिवसांत ती गेली. दवाखान्याच्या वहीत 'मुलगी, वय चौदा महिने' एवढंच लिहिलं गेलं, कारण नाव विचारलं तेव्हा बापाने "लिहा मुलगी" म्हणून सांगितलं. महिन्याभराने त्याने कमलाला "चार दिवस माहेरी विश्रांती घे" म्हणून एसटीत बसवून दिलं. ते चार दिवस अजून संपले नव्हते.

पुढे त्याने दुसरं लग्न केलं, दोन मुलगे झाले, आणि त्याच्या घराण्याचा कुलवृत्तांत निघाला तेव्हा ती बायको आणि ते मुलगे त्यात आले. कमलाने वाचनालयात उभं राहून ते पान वाचलं. त्यात ती स्वतः नव्हती, त्याचं तिला काही वाटलं नाही. गोदा नव्हती, ते मात्र तिला लागलं. पोरीचा फोटो कधी काढलेला नव्हता. नाव कुठे लिहिलेलं नव्हतं. एवढ्या मोठ्या जगात ती आता फक्त कमलाच्या डोक्यात उरली होती, आणि कमला चव्वेचाळीस वर्षांची झाली होती.

राजाभाऊंचा मुलगा चारुदत्त मुंबईला एका कंपनीत इंजिनीयर होता. वडील बाराशे माणसांचे कागद तिसऱ्यांदा नव्याने लिहून काढायला बसले, हे बघून त्याने शहाऐंशीच्या दिवाळीत घरी कॉम्प्युटर आणून दिला, जीपमध्ये गोधड्यांत गुंडाळून. हिरव्या अक्षरांचा, फ्लॉपी घालायच्या दोन खाचा असलेला. फ्लॉपी म्हणजे काळी पातळ तबकडी, चौकोनी पाकिटात बंद केलेली. एका खाचेत मराठी अक्षरं उमटवणाऱ्या प्रोग्रामची फ्लॉपी, दुसरीत आपण लिहू ते साठवायची. राजाभाऊ पंचपाळं घेऊन हळदकुंकू वाहायला निघाले, तेव्हा चारुदत्ताने त्यांचा हात वरच्या वर धरला.

"बाबा, याच्यात कसलीही पूड जाता कामा नये. हळद नाही, कुंकू नाही, धूळसुद्धा नाही. फ्लॉपीत गेली तर सगळं गेलं."

राजाभाऊंनी चाफ्याचं फूल वाहिलं आणि आधी स्वतःच बसले. तिसऱ्या ओळीला यंत्र अडलं, अक्षर उमटेना. त्यांनी त्याच्याकडे रोखून बघितलं. वर्गात या नजरेने पोरं बोलती व्हायची, यंत्र झालं नाही. दोन दिवसांनी त्यांनी जाहीर केलं की टंकलेखन हे बायकांचं काम आहे, आणि कमळीला बोलावलं.

चारुदत्ताने तिला चार दिवस शिकवलं. तो तिच्याहून सात-आठ वर्षांनी लहान, तिला कमाताई म्हणायचा. "कमाताई, लिहायचं कसं ते तुला आजच येईल. अडलं तर काय करायचं ते नीट शिक," तो म्हणाला, आणि तिने कॅलेंडरच्या पानामागे सगळं उतरून घेतलं. अडलं की आधी काहीच करायचं नाही. फ्लॉपीच्या खाचेशी तांबडा दिवा लागलेला असेल तर यंत्र काम करतंय, त्याला हात लावायचा नाही. दिवा विझलेला असेल तर मोठ्या अक्षरांचं बटण दाबून बघायचं. त्या बटणाचा छोटा दिवा लागला-विझला तर यंत्र जिवंत आहे, फक्त प्रोग्राम अडलाय. मग एस्केप. मग कंट्रोल धरून ब्रेक. तरी हलत नाही तर कंट्रोल, आल्ट आणि डिलीट ही तीन बटणं एकदम. त्याने यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, पण साठवलेलं नसेल ते जातं. मागची कळ बंद करायची ती अगदी शेवटी. फाइल उघडत नसली आणि अबॉर्ट, रिट्राय, इग्नोर असं यंत्राने विचारलं तर घाबरून सोडून द्यायचं नाही, रिट्रायचा आर दाबायचा, वीस वेळा, चाळीस वेळा. आणि दर पानाला साठवायचं, दोन फ्लॉपींवर दोन प्रती. दोन प्रती असल्या की काही मरत नाही, असं चारुदत्त म्हणाला.

थांबायचं कसं हे कमलाला कुणी शिकवायला नको होतं. यंत्र अडलं की ती हात मांडीवर ठेवून तांबड्या दिव्याकडे बघत बसायची, आणि दहातल्या सात वेळा ते आपोआप सुटायचं. राहिलेल्या तीन वेळांत काय करायचं हे तिला महिन्याभरात असं काही अवगत झालं की चारुदत्त मुंबईहून पत्र पाठवून तिला शंका विचारू लागला. नाक्यावरच्या डॉक्टरांनी घरी यंत्र घेतलं होतं. ते एकदा अडलं तेव्हा त्यांनी गडी पाठवून तिला बोलावलं. तिने मोठ्या अक्षरांचं बटण दाबून यंत्र जिवंत असल्याची खात्री करून घेतली, मग वाकून बघितलं तर फ्लॉपीच्या खाचेची खिट्टीच लावलेली नव्हती. डॉक्टरांच्या बायकोने तिला पाटावर नाही, खुर्चीवर बसवून चहा दिला. अशी आणखी दोन घरं झाली. एकवीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिला काही येतं म्हणून बोलावत होतं, आणि ती घरी यायची ती गाणं गुणगुणत यायची, हे मला तिच्या शेजारणीनेच सांगितलं.

राजाभाऊंना ते गाणं ऐकू गेलं. जेवताना ते म्हणाले, "कमळे, लोकांची यंत्रं दुरुस्त करत हिंडणं बंद कर. टाकलेल्या बाईने लोकांच्या घरी जावं आणि दार लावून यंत्राशी काय करते म्हणून लोकांनी विचारावं, हे मला नको गो. आधीच कमी बोलतात का?"

दार कुणीच लावत नव्हतं. पण ती गेली नाही पुन्हा. गाणंही बंद झालं.

त्याच सुमाराला पाचव्या शाखेचे कागद निघाले. पाचवी शाखा म्हणजे राजाभाऊंची स्वतःची. त्यात कमलाची नोंद होती: 'कमला. दिलेले घर', आणि पुढे त्या पोफळीच्या माणसाचं पूर्ण नाव, बापाचं नाव, डिग्री आणि हुद्दा. ज्याने एसटीत बसवून दिली त्याला दीड ओळ मिळाली होती. कमला ती ओळ टाइप करून थांबली. मग उठून काकांच्या झोपाळ्यापाशी गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने त्यांच्याकडे काही मागितलं.

"काका, माझ्या नोंदीखाली गोदाची एक ओळ घालू का? नाव आणि तिथी. बाकी काही नको."

राजाभाऊंनी चष्मा काढला. "लेकींची लेकरं आपल्या कुळाची नसतात कमळे. नियम आहे समितीचा." समिती म्हणजे तेच. पण अजून सात शाखा टाइप व्हायच्या होत्या, आणि हे काम करणारी दुसरी बाई रत्नागिरीत मिळणार नव्हती, हे त्यांना कळत होतं. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "बघू. सगळं पूर्ण होऊ दे. चारू आला की शेवटी तुझी ओळ घालू."

त्या एका ओळीवर ती आषाढापर्यंत राबली. सकाळी स्वयंपाक, पाणी, गोठा, आणि दुपारी यंत्र. पाठ दुखायची, डोळ्यांत पाणी यायचं, तरी तिच्या टाइप केलेल्या पानात राजाभाऊंना चूक सापडायची नाही. चूक सापडली नाही की ते नाराज व्हायचे. बाराशे माणसं बारा फ्लॉपींवर बसली, शाखेला एक, दुसरी प्रत आणखी बारांवर. पावसाच्या दमटपणात फ्लॉपींना बुरशी येते म्हणून चारुदत्ताने बजावलं होतं. तिने चोवीसच्या चोवीस बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घातल्या, तळाला भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवली आणि झाकणाला कडेने मेण लावलं. चारुदत्त गणपतीला येणार, तिची ओळ टाइप होणार, आणि तो फ्लॉपी मुंबईला नेऊन ऑफिसातल्या प्रिंटरवर पानं काढून छापखान्यात देणार, असं ठरलं होतं.

आता राजाभाऊंनी काय केलं ते ऐका. त्यांच्याकडे आजोबांच्या वेळचे मोडी कागद होते, आणि शंभर वर्षांत त्यांना कसर लागली नव्हती ती वेखंडामुळे. वेखंड कुटून त्याची पूड पोथ्यांच्या पानापानांत भुरभुरायची, ही आमच्याकडची जुनी रीत. दर श्रावणात ते हे काम स्वतःच्या हाताने करत, दुसऱ्या कुणाला करू देत नसत. त्या श्रावणात कमला बाजारात गेलेली असताना पोथ्यांचं झालं, आणि त्यांची नजर बिस्किटांच्या डब्याकडे गेली. अकरा वर्षांची मेहनत एका बाईने मेण लावून कोंडून ठेवली होती, हे त्यांना पटेना. चारुदत्ताने हळदकुंकू वाहू दिलं नव्हतं, हे त्यांना आठवत नव्हतं असं नाही. पण वेखंड म्हणजे काही हळद नव्हे, ते औषध. त्यांनी मेण खरवडलं, एकेक फ्लॉपी काढून तिच्या लांबट खिडकीतून चिमूट चिमूट पूड आत सोडली, चोवीसच्या चोवीस, आणि तेच मेण पुन्हा फासून झाकण जसंच्या तसं लावून ठेवलं.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आरती झाल्यावर चारुदत्त यंत्रापाशी बसला. शेजारी त्याची बायको उल्का, मागे राजाभाऊ, आणि कमला दाराशी पदराला हात पुसत उभी. तिची ओळ आज होणार होती. चारुदत्ताने पाचव्या शाखेची फ्लॉपी घातली. आतून वाळूत पाय घासावा तसा आवाज आला आणि पडद्यावरची अक्षरं जागच्या जागी थिजली.

"काहीतरी अडलंय," म्हणून चारुदत्ताने बटणाकडे बोट नेलं.

"थांब चारू," कमला म्हणाली. "दिवा लागलाय. हात लावू नको."

सगळे थांबले. दिवा विझला, पुन्हा लागला, पुन्हा घासल्याचा आवाज आला, आणि यंत्राने विचारलं: अबॉर्ट, रिट्राय, इग्नोर. कमलाने पुढे होऊन आर दाबला. पुन्हा तेच. दुसरी प्रत घातली. तेच. तिने फ्लॉपी बाहेर काढली, उजेडात धरली, मग नाकाशी नेली. वेखंडाचा वास होता. घरात वेखंडाला कोण हात लावतं हे तिला ठाऊक होतं, आणि ते तिच्या मागेच उभे होते.

"कसली पूड आहे ही?" चारुदत्ताचा आवाज चढला. "सगळ्यांत आहे! कुणी घातली?"

कमलाने काकांकडे बघितलं. राजाभाऊंनी गणपतीकडे बघितलं. मग अगदी सावकाश म्हणाले, "डबा कुणाच्या ताब्यात होता?"



"चौदा महिन्यांचं पोर जिला सांभाळता आलं नाही," राजाभाऊ म्हणाले, "तिच्या ताब्यात अकरा वर्षांचं काम दिलं, ही चूक माझीच म्हणायची."

उल्काने मान खाली घातली. चारुदत्त "बाबा" एवढंच म्हणाला. कमलाच्या तोंडाशी सगळं आलं होतं, पण तिने ते गिळलं, कारण तिची ओळ अजून या माणसाच्या हातात होती. सत्य बोलली असती तर तो सणासुदीला चार माणसांत खोटा पडला असता, आणि मग गोदाचं नाव जन्मात छापलं गेलं नसतं. म्हणून तिने दोष पदरात घेतला आणि म्हणाली, "मी बघते काय करता येतं ते."

चारुदत्ताने येताना दहा कोऱ्या फ्लॉपींची दोन खोकी आणली होती. कमलाने ब्लेडने फ्लॉपीच्या पाकिटाची एक कड कापली आणि आतली तबकडी बाहेर काढली. चारुदत्त कळवळला, आत हात लावायचा नसतो म्हणाला. पण तिने रेशमी साड्या धुतल्या होत्या, लोकरी शालींवरची बुरशी काढली होती. रिठ्याच्या पाण्यात तबकडी अलगद फिरवायची, साध्या पाण्यातून काढायची, जुन्या धोतराच्या फडक्यावर सावलीत वाळवायची, आणि कोऱ्या फ्लॉपीचं पाकीट कापून त्यात घालायची. मग ती यंत्रात घालून तिची नक्कल दुसऱ्या चांगल्या फ्लॉपीवर करायची. गौरी आल्या, गौरी जेवल्या, आणि ती स्वयंपाक उरकून हेच करत होती. तीन दिवसांत अकरा शाखा सुटल्या. पाचवी सुटेना. अबॉर्ट, रिट्राय, इग्नोर. ती आर दाबत राहिली. चाळीस झाले, साठ झाले. चारुदत्त म्हणाला, "सोड कमाताई, ती शाखा परत टाइप करू." ती ऐकेना. एकशे बाराव्या वेळेला दिवा लागला तो लागूनच राहिला, आणि पडद्यावर राजाभाऊंच्या आजोबांचं नाव उमटलं.

चारुदत्ताला रडूच फुटलं. तो वडिलांकडे वळून म्हणाला, "बाबा, हिला जे हवंय ते आत्ता, माझ्यासमोर द्या."

राजाभाऊंनी झोपाळा थांबवला आणि सांगितलं, "लिही. कन्या गोदा." तिथी त्यांना ठाऊक नव्हती, ती कमलाने स्वतःच घातली. जन्म श्रावण, शके अठराशे सत्त्याऐंशी. मृत्यू आश्विन, शके अठराशे अठ्ठ्याऐंशी, पोफळी. तिने फाइल साठवली, दुसरी प्रत काढली, आणि न राहवून तिसरीही काढली. त्या दिवशी तिने पुरणपोळी पोटभर खाल्ली.

पुस्तक अठ्ठ्याऐंशीच्या अक्षय्य तृतीयेला निघालं. मंगल कार्यालयात दीडशे नेवरेकर जमले. राजाभाऊंना शाल मिळाली, आणि 'टंकलेखन साहाय्य' म्हणून कमलाला खण-नारळ. जागेवर येऊन तिने पुस्तक उघडलं आणि पाचव्या शाखेत आपली नोंद शोधली. पोफळीचा माणूस होता, बापासकट, डिग्रीसकट. त्याखाली नवे दोन शब्द होते, तिने कधी टाइप न केलेले: 'संतती नाही.'

शेवटची प्रुफं राजाभाऊंनी मुंबईला जाऊन स्वतः तपासली होती, तांबड्या पेन्सिलीने. घरी आल्यावर तिने विचारलं, "काका, ओळ?"

"अगो, एकीचं घेतलं की पन्नास लेकी उठून उभ्या राहतील," राजाभाऊ नारळाची शेंडी ओढत म्हणाले. "आणि खरं सांगू का? ते पान भरून पुढच्या पानावर दीडच ओळ जात होती. दिसायला वाईट दिसत होतं."

ती विळी घेऊन बसली आणि तो नारळ खवला. रात्रीच्या जेवणात सोलकढी होती, राजाभाऊंनी दोनदा मागून घेतली.

त्या पावसाळ्यात त्यांच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू वाढले. ऑपरेशनला ते भीत होते. उजेड-अंधार कळायचा, माणूस कळायचा, अक्षर कळायचं नाही. कुलवृत्तांताचा गौरव डोक्यात गेलेला असल्याने त्यांनी आत्मचरित्र लिहायचं ठरवलं. रोज दुपारी दोन ते पाच ते झोपाळ्यावर बसून सांगायचे आणि कमला टाइप करायची. शाळेचे दिवस, पहिली नोकरी, कोणत्या इन्स्पेक्टरने काय शाबासकी दिली, बागेत पहिलं पायरीचं झाड कसं लावलं. सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा. पाच वाजले की विचारायचे, "जपून ठेवलंस ना गो? दोन प्रती?"

"दोन प्रती, काका."

दुसऱ्या खाचेत फ्लॉपीच नसायची. पहिल्या दिवसापासून नव्हती. पाच वाजता ती मागची कळ बंद करायची आणि तीन तासांचे राजाभाऊ पडद्यावरून जायचे. दुसऱ्या दिवशी ते विचारत, काल कुठवर आलो होतो, आणि ती आठवणीतून शेवटची दोन वाक्यं म्हणून दाखवायची. त्यांना वाटायचं ती वाचते आहे. आंधळ्या होत चाललेल्या म्हाताऱ्याशी असं वागावं का, असं कुणी म्हणेल, आणि म्हणायला हरकत नाही. फार वाईट वागली ती. सहा महिने वागली, रोज, न चुकता, आणि त्या सहा महिन्यांत तिने त्यांचं जेवण, औषध, अंघोळीचं पाणी यांत मिनिटाचीही कसूर केली नाही.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी राजाभाऊ सहासष्ट सालाशी आले.

"लिही," ते म्हणाले. "त्या वर्षी माझी पुतणी कमला परत आली." मग थांबले. झोपाळ्याची कडी तेवढी वाजत होती. तिने सवयीने हात मांडीवर ठेवले. "कमळे, ती ओळ मी काढली ते तुला लागलं असणार. इथे घालू. हे पुस्तक माझं आहे, इथे समितीचा नियम नाही. लिही, तिला एक कन्या झाली होती, तिचं नाव..." त्यांनी कपाळ चोळलं. "काय गो नाव होतं तिचं?"

बावीस वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. दवाखान्यात विचारलं होतं ते बापाला. कमलाच्या घशाशी नाव आलं. टेबलाच्या खणात कोरी फ्लॉपी होती, हात लांबवला की मिळाली असती. पण ते नाव राखायचं तर त्याच्या मागेपुढे राजाभाऊ राखायला हवे होते, त्यांच्या इन्स्पेक्टरांसकट आणि शाबासक्यांसकट. आणि न राखायचं तर पाच वाजता ते तिला स्वतःच्याच हाताने पुसायला हवं होतं. पडद्यावर हिरवी खूण लुकलुकत होती. यंत्र कुठे अडलेलं नव्हतं.

"आठवत नाही, काका," ती म्हणाली.

"आईला आठवत नाही?"

"नाही."

राजाभाऊंनी मान हलवली. "बरं. मग लिही, एक मुलगी झाली होती. पुढे माझ्या बदलीचं घेऊ."

तिने तसं लिहिलं. मग बदलीचं घेतलं, ते दीड तास चाललं. पाचला त्यांनी दोन प्रतींचं विचारलं, तिने हो म्हटलं आणि मागची कळ बंद केली.